ग्वाल्हेर एका दिवसात: किल्ल्यावरचं शून्य आणि आतोबांचे गुडघे

मदत हवी आहे. आत्या आणि आतोबा साताऱ्याहून दिल्लीला चाललेत, वाटेत सोमवारी आमच्याकडे, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, उतरणार. सकाळी सातला येतील, रात्री दहाला पुढची गाडी. माझा जन्म इथलाच, पण किल्ल्यावर शेवटचा गेलो तो शाळेच्या सहलीत. त्यामुळे माझ्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

आतोबा गणिताचे निवृत्त शिक्षक. किल्ल्यावरचा मानमंदिर महाल, सासबहू मंदिरं ठीक, पण त्यांना बघायचंय चतुर्भुज मंदिरातलं शून्य. इसवी सन ८७६ चा शिलालेख. त्यात २७० हात लांबीच्या बागेचा आणि देवाच्या रोजच्या ५० हारांचा उल्लेख आहे, आणि दोन्ही आकड्यांत शून्य आहे. वर्गात जन्मभर सांगितलं, आता डोळ्यांनी बघू दे, म्हणतात.

अडचण इथेच आहे. गाडी वर जाते उरवाई दरवाज्याने, पश्चिमेकडून. त्या वाटेवर कड्यात कोरलेल्या जैन मूर्ती दिसतात, ते उत्तमच. पण चतुर्भुज मंदिर पूर्वेच्या जुन्या चढावर, हाथी पोल दरवाज्याच्या खाली. तिथे गाडी जात नाही, आणि आतोबांचे दोन्ही गुडघे कुरकुरतात.

आत्याला तानसेनाच्या समाधीजवळच्या चिंचेचा पाला चावायचाय, आवाज गोड होतो म्हणे. (सत्तराव्या वर्षी!) शिवाय फूलबागेतली झाशीच्या राणीची समाधी. जयविलास राजवाड्यातली जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी ही माझी हौस.

हे सगळं बसेल का? आणि शून्य गाठायचं कसं?

प्रतिसाद:

बसेल. आधी किल्ला, ऊन चढायच्या आत. गाडीने उरवाईने वर जा, मानमंदिर बघा आणि हाथी पोलमधून चालत खाली या. चतुर्भुज वाटेतच लागतं. परत चढू नका, ड्रायव्हरला वळसा घालून पायथ्याच्या किलागेटला थांबायला सांगा. चढ वाचला म्हणून घाई मात्र नको, गुडघ्यांना उतारच जास्त जाचतो. काठी घ्या, दर वळणावर बसा. लेख गाभाऱ्यात आहे, मोबाइलचा टॉर्च लागेल.

खाली गुजरी महाल लागेल, पण तिथलं संग्रहालय सोमवारी बंद. ग्यारसपूरची शालभंजिकेची मूर्ती हुकणार, हे मला शून्यापेक्षा जास्त लागलं असतं. किलागेटहून तानसेन जवळच, आत्याचा पाला तिथे उरका. जेवून जयविलास, भर दुपारी सावलीत, पण सोमवारी उघडं असतं का ते आधी विचारून घ्या. फूलबाग शेवटी ठेवा, तिथून स्टेशन लांब नाही.