स्वराज द्वीपावरून एका दिवसात शहीद द्वीप : निवांत बेत सुचवावा

सोनचाफा :
डिसेंबरमध्ये आम्ही अंदमानला जात असून मुक्काम स्वराज द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकवर आहे. सोबत सासू-सासरे आहेत. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि पोहणे कोणालाच येत नाही. विश्रांतीसाठीच जात असल्यामुळे धावपळ नको आहे. मात्र एक दिवस बोटीने शहीद द्वीपाला, म्हणजे जुन्या नीलला, जाऊन यावे असे मनात आहे. तेथे नेमके काय पाहावे आणि काय सोडावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

खलाशीबुवा :
अवश्य जावे. बेट लहान आहे, रस्ते सपाट आहेत आणि धक्क्याबाहेर रिक्षा मिळतात. सहलीच्या पत्रकांत सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर आणि नैसर्गिक पूल अशी चारही ठिकाणे एका दिवसात कोंबलेली असतात. त्या नादी लागू नये. माझ्या मते दोन पुरेत, आणि त्यांचा क्रम पत्रकाने नव्हे, तर समुद्राने ठरवावा.

लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावरचा खडकाचा नैसर्गिक पूल ओहोटीलाच जवळून पाहता येतो, कारण तेथे जाण्याची वाट मृत प्रवाळाच्या खडकांवरून असते आणि भरतीला ती पाण्याखाली जाते. उलट भरतपूरचा उथळ किनारा पाणी भरलेले असताना अधिक रमणीय दिसतो. ओहोटीला बराच भाग उघडा पडतो. म्हणून ओहोटी सकाळी असेल तर आधी पूल आणि मग भरतपूर, दुपारी असेल तर उलट. आपण कोकणातल्या असाल तर एक सांगून ठेवतो : तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढण्याचा आपला हिशेब तेथे लागू पडत नाही. पोर्ट ब्लेअरचे (आताच्या श्री विजयपुरमचे) भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहूनच बोटीची तिकिटे काढावीत. वेळा रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकतात, त्यामुळे दिवस एक-दोनाने पुढेमागे केला तरी बराच फरक पडतो.

सोनचाफा :
मनःपूर्वक आभार. सासूबाईंना पुलापर्यंत चालवेल का?

खलाशीबुवा :
स्पष्ट सांगायचे तर नेऊ नये. खडक ओबडधोबड आणि शेवाळलेले असतात, आणि धडधाकट माणसालाही पकड असलेल्या चपला लागतात. वाटेतल्या डबक्यांत अडकलेले छोटे मासे, खेकडे आणि तळाशी काळ्या वळकटीसारखा पडलेला समुद्रकाकडी नावाचा प्राणी पाहत सावकाश जाण्यातच खरी मजा आहे, आणि ती दुखऱ्या गुडघ्यांनी साधणार नाही. ज्यांना जायचे आहे त्यांनी जाऊन यावे. सासूबाईंनी तोवर भरतपूरला सावलीत बसावे. हा किनारा धक्क्याला लागूनच आहे. समुद्र शांत असेल तर काचेच्या तळाच्या होडीतून न पोहताही प्रवाळ पाहता येते. होडीत चढताना मात्र आधार द्यावा लागेल.

तांबडी माती :
वरील सल्ल्याशी सहमत आहे. थोडी भर घालते. अंदमान इतके पूर्वेला असूनही घड्याळ आपलेच असल्यामुळे डिसेंबरात पाच-सव्वापाचलाच सूर्य मावळतो. त्यामुळे सकाळची पहिली मिळेल ती बोट घ्यावी. परतीची बोट सूर्यास्ताच्या आधीच सुटत असेल, तर लक्ष्मणपूरच्या सूर्यास्ताचा हट्ट सोडावा. तो स्वराज द्वीपावर राधानगरच्या किनाऱ्यावरून दुसऱ्या दिवशी पाहावा आणि तेथे तो अधिक मोकळाही दिसतो. परतीचे तिकीट आधीच काढावे, ओळखपत्रे जवळ ठेवावीत आणि रोख पैसे स्वराज द्वीपावरूनच न्यावेत.

जेवणाची चिंता नसावी. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांना सरकारने शहीद द्वीपावर वसवले, त्यामुळे साध्या खानावळींत भात, डाळ आणि माशाचे कालवण मिळते. शाकाहाऱ्यांचीही आबाळ होत नाही, कारण अंदमानात भाजीपाल्यासाठी हेच बेट ओळखले जाते. बाजाराजवळून जाताना वांगी-भोपळ्यांचे ढीग दिसतील.

सोनचाफा :
मुलीला शंख-शिंपले गोळा करण्याची फार हौस आहे. किनाऱ्यावर पडलेले आणले तर चालतात का?

तांबडी माती :
नाही. प्रवाळाचे तुकडे आणि शंख-शिंपले किनाऱ्यावरून उचलून नेण्यास मनाई आहे, आणि विमानतळावर सामानाच्या तपासणीत ते काढून घेतात. तिला छायाचित्रे काढू द्यावीत, आणि हे निघण्यापूर्वी घरीच सांगून ठेवावे; किनाऱ्यावर सांगितले तर रडारड ठरलेली.