पूलचं पाणी ताकासारखं झालंय, फिल्टर बदलू का?

तळ्यात_मळ्यात (न्यू जर्सी)
मागच्या वर्षी सेलमध्ये परसात उभा करायचा फ्रेमचा पूल घेतला. 18 फुटी गोल, पाणी साडेतीन फूट, म्हणजे 6,700 गॅलनच्या आसपास. सोबत आलेला कार्ट्रिजचा (घड्या घातलेल्या कापडाची गाळणी) छोटा पंपच चालू आहे. जूनभर पाणी काचेसारखं होतं. 4 जुलैला अकरा पोरं डुंबली आणि दुसऱ्या दिवसापासून तळ दिसेना. कार्ट्रिज रोज धुते, तरी दोन तासांत परत येणारी धार करंगळीएवढी होते. नवरा म्हणतो सँड फिल्टर, म्हणजे वाळूचा घेऊ, दुकानातला मुलगा म्हणतो डीई, म्हणजे डायटोमेशियस अर्थच्या पावडरीचा घ्या. काय घेऊ? आणि हो, सासूबाई इथे आल्यात. क्लोरीनने केस खराब होतात म्हणून प्रत्येक पोराच्या डोक्यावर खोबरेल थापूनच पाण्यात सोडतात. त्याचा काही संबंध असेल का?

आंबटगोड (डॅलस)
डीईच्या नादी लागू नका. गाळतो झकास, 3 ते 5 मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पण दर बॅकवॉशनंतर (पाणी उलटं सोडून फिल्टर धुतल्यावर) ती पांढरी पावडर नव्याने भरा, भरताना नाकातोंडाला मास्क बांधा. एवढ्याशा पूलला कोणी सांगितलाय हा कुटाणा!

डबकेश्वर (एडिसन)
ताई, उत्तर तुमच्या शेवटच्या ओळीतच आहे.

आधी संध्याकाळी ऊन उतरल्यावर क्लोरीन तपासा. पट्टीने नको, थेंबांच्या किटने. अकरा पोरांचा घाम, सनस्क्रीन, वर खोबरेल; शून्यावर गेलेलं असणार. क्लोरीन नसेल तर शेवाळं फिल्टरच्या पुढे पळतं. मग सोन्याचा फिल्टर लावलात तरी पाणी ताकच राहील.

मग कार्ट्रिज. वाळल्यावर त्यावर पाण्याचा थेंब टाका. अळवावरच्या पाण्यासारखा घरंगळला तर घड्यांत तेल बसलंय. नुसत्या नळीने ते जात नाही, माती तेवढी जाते. पाच गॅलनच्या बादलीत एक कप डिशवॉशरची पावडर विरघळवून रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी वर कटाच्या आमटीसारखा तवंग दिसेल. मग नळी तिरकी धरून वरून खाली, एकेक घडी उघडून धुवा. प्रेशर वॉशर अजिबात नको. मी पहिल्या वर्षी मारला, कापडाची लक्तरं झाली. ॲसिडही आधी नको, तेल निघायच्या आत ॲसिड लागलं की ते तिथेच धरून बसतं. दोन कार्ट्रिज ठेवा, एक बादलीत, एक कामावर.

आता सँड. मी तिसऱ्या वर्षी घेतला, निव्वळ आळसापायी. गाळतो कार्ट्रिजपेक्षा जाड, 20 ते 40 मायक्रॉन. पण काम काय? दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा फिल्टर स्वच्छ असतानाच्या आकड्यापेक्षा 8-10 पीएसआय (दाबाचं माप) वर चढला की फिल्टरवरचं हँडल बॅकवॉशवर. बाजूच्या काचेच्या डोळ्यात आधी चहा दिसतो, मग सरबत, मग साधं पाणी. मग अर्धा मिनिट हँडल रिन्सवर (खळबळणं), नाहीतर उरलेली घाण परत पूलमध्ये. आणि हौसेने रोज बॅकवॉश करू नका, थोडी मळलेली वाळूच बारीक गाळते.

फक्त पंप बंद केल्याशिवाय ते हँडल फिरवायचं नाही. मी फोनवर बोलता बोलता फिरवलं. आतलं चाकाच्या आऱ्यांसारखं रबर पिळलं आणि वेस्टच्या (घाण पाणी बाहेर सोडणाऱ्या) पाइपातून रात्रभर पाणी जात राहिलं. सकाळी पातळी चार इंच खाली आणि शेजाऱ्याच्या टोमॅटोच्या वाफ्यात तळं. तेव्हापासून कानाला खडा.

तळ्यात_मळ्यात
थेंब घरंगळला! आणि क्लोरीन खरंच शून्य. पुढेमागे सँड घेतलाच तर वाळू कुठली? पोरांच्या खेळायच्या वाळूची गोणी गॅरेजमध्ये पडून आहे.

डबकेश्वर
ती पोरांनाच राहू द्या. बारीक असते, परत पूलमध्येच येते. फिल्टरची 20 नंबरची सिलिका वाळू घ्या. टाकीत आधी अर्धं पाणी भरा, मग वाळू हळू ओता, नाहीतर तळाच्या नळ्या मोडतात. आणि नवऱ्याला मोठा पंप घेऊ देऊ नका. जोर जास्त झाला की पाणी वाळूत बिळं पाडून न गाळताच पसार होतं.

वाडीवरचा (कुडाळ)
आमच्याकडे पाहुण्यांसाठी असाच पूल आहे, पाणी बोअरचं. स्वच्छ पाण्यात क्लोरीन टाकलं की रंग थेट तपकिरी. पाण्यातलं लोखंड हो. आधी मीही फिल्टरलाच शिव्या घातल्या. आता भरल्यावर दिवसरात्र पंप चालवतो, काटा चढला की बॅकवॉश, आणि पाहुणे तोवर विहिरीवर.

तळ्यात_मळ्यात
चार दिवसांनी लिहितेय. रोज संध्याकाळी क्लोरीन, दोन कार्ट्रिज आलटून पालटून. आज तळाला पडलेलं नाणं वरून दिसलं. बादलीतला तवंग सासूबाईंना मुद्दाम नेऊन दाखवला. त्यांनी वास घेतला आणि म्हणाल्या, "बघ, किती चांगलं तेल वाया गेलं." अकरा शॉवर कॅप मागवल्यात.