ब्लॉक कोडिंग: आधी पडद्यावर की थेट रोबोटवर?

ब्लॉक कोडिंग म्हणजे आज्ञांचे तयार ठोकळे (ब्लॉक) एकमेकांना जोडून प्रोग्राम बनवणं. मुलांना ते शिकवताना "आधी स्क्रॅच (असे ठोकळे पडद्यावर जोडायचं सॉफ्टवेअर) पूर्ण शिकवा, मगच रोबोट हातात द्या" हा सल्ला मला फारसा पटत नाही. पाच ते सात वर्षांच्या मुलांना स्क्रॅच ज्युनिअर ही लहानग्यांसाठीची सोपी आवृत्ती उत्तम (तिथे वाचता येण्याचीही गरज नाही), पण त्यापुढच्या मुलांना चाकं फिरताना दिसली की चटकन कळतं.

सुरुवात दोनच ब्लॉकनी करा: मोटर चालू, मोटर बंद. मुलं हमखास ते एकाखाली एक जोडतात आणि रोबोट जागचा हलत नाही. तो बिघडलेला नसतो, दोन्ही आज्ञा क्षणार्धात उरकलेल्या असतात. मध्ये 'एक सेकंद थांबा' हा ब्लॉक घातला की गाडी पळते. हे लगेच सांगून टाकू नका, जरा डोकं खाजवू द्या.

दुसरी ठरलेली अडचण समोरचा अडथळा ओळखणाऱ्या सेन्सरची. 'अडथळा दिसला तर थांब' ही अट सतत फिरणाऱ्या लूपच्या (त्याच आज्ञा पुन्हापुन्हा चालवणाऱ्या ब्लॉकच्या) बाहेर राहिली, तर तपासणी एकदाच होते आणि रोबोट खुशाल भिंतीवर जाऊन आदळतो.

आणि हो, सेकंद मोजून ९० अंशांचं वळण बसवलं असेल, तर बॅटरी उतरल्यावर मोटर मंदावते आणि ते चुकतंच. तेव्हा आधी चार्जिंग बघा, मग ब्लॉक.