शाळेजवळ राहावे की मध्यवस्तीत?

जपानमध्ये इंग्रजी शिकवायला निघालेल्या फोंड्याच्या मुलीने शहराच्या मध्यवस्तीतच घर घ्यावे, असा सल्ला दिला जातो, पण तो मला पटत नाही. जपानमध्ये अनामतीखेरीज ‘रेइकिन’ म्हणून अनेकदा एक-दोन महिन्यांचे भाडे घरमालकाला द्यावे लागते आणि ते परत मिळत नाही, त्यामुळे घर चुकले तर बदलणे फार महागात पडते. शिवाय खोली अनेकदा इतकी रिकामी असते की गॅसची शेगडी सोडाच, छताला दिवासुद्धा नसतो (पणजीत आपण निदान पंखा तरी गृहीत धरतो!). संभाषणवर्गांच्या शिकवण्या रात्री नऊपर्यंत चालतात आणि शेवटची गाडी मध्यरात्रीच्या सुमारास सुटते, म्हणून शाळेच्याच रेल्वेमार्गावरील, गाडी न बदलता पोहोचता येईल असे लहान स्थानक निवडावे. प्रवासभत्ता किती मिळेल, हे मात्र करारातच पाहावे.