पॅपमध्ये 'एस्कस' आलंय, एचपीव्ही टेस्ट करू की थेट कॉल्पोस्कोपी?

केशरकाडी:
वय ३८, पुणे. पाळी नियमित, त्रास काही नाही. ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी) झाली आणि रिपोर्टवर 'एस्कस' आलं. तिथल्या डॉक्टर म्हणाल्या एचपीव्ही करून घ्या. दुसरीकडे दाखवलं तर, "दोन मुलं झालीत ना, पिशवीच काढून टाकू." सासूबाईंनाही तेच पटलंय. माझ्या मात्र पोटात गोळा आलाय. कुठली टेस्ट करू?

स्लाइडवाली:
पिशवीचं आधी डोक्यातून काढ. पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते म्हणून सांगते, 'एस्कस' म्हणजे पेशी जराशा वेगळ्या दिसल्या, पण कशामुळे ते नुसतं बघून कळेना. साधी सूजही असू शकते. इथेच एचपीव्ही डीएनए टेस्ट कामाला येते. एचपीव्ही म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर घडवू शकणारा विषाणू. निगेटिव्ह आली तर अमेरिकेतल्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पुढची तपासणी ३ वर्षांनी. पॉझिटिव्ह आली तर साधारणपणे कॉल्पोस्कोपी, म्हणजे गर्भाशयमुख भिंगातून बघणं. विषाणूचे १६ आणि १८ हे प्रकार वेगळे दाखवणारी टेस्ट मिळाली तर तीच घे. गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कॅन्सरमागे हेच दोघे असतात.

आणि हो, लॅबला विचार, सॅम्पल काचेवर फासलं होतं की बाटलीत घेतलं होतं? बाटलीत असेल तर बहुतेक वेळा उरलेल्या द्रवावरच टेस्ट होते. पुन्हा टेबलावर चढायला नको.

मोरपंखी:
माझं 'एलसिल' (पेशींत सौम्य बदल) आहे, वय ३४. मलाही हेच ना?

स्लाइडवाली:
नाही गं. अमेरिकेत 'आल्ट्स' नावाची मोठी चाचणी झाली, त्यात एलसिलवाल्या ८० टक्क्यांहून जास्त बायका एचपीव्ही पॉझिटिव्ह निघाल्या. चाळणीत सगळंच अडकायला लागलं तर चाळून काय उपयोग? तू कॉल्पोस्कोपीचंच विचार. (पंचविशीच्या आतल्या मुलींना मात्र वर्षाने पुन्हा पॅप, बस.)

ड्युअल स्टेन म्हणूनही एक टेस्ट आहे, त्यात पेशीतली पी१६ आणि केआय-६७ ही दोन प्रथिनं बघतात. पी१६ वाढलं की पेशीने वाढ थांबवायला हवी; केआय-६७ दिसलं म्हणजे ती वाढतेय. दोन्ही एकाच पेशीत दिसले तर विषाणूने आतला ब्रेकच काढलाय असं समजायचं. सगळीकडे होत नाही, विचारून बघ.

गोधडी:
केशरकाडी, माझंही एस्कसच होतं, त्यात १६ पॉझिटिव्ह. रडून झालं. कॉल्पोस्कोपीत आंबूस वासाचं पाणी लावतात, बिघडलेला भाग पांढरा पडतो, तिथला तिळाएवढा तुकडा काढतात. चिमटा बसल्यासारखं झालं, दोन दिवस पॅड लागलं. निघालं सीआयएन १, म्हणजे सौम्य बदल. उपचार काही नाही, वर्षाने पुन्हा टेस्ट, तेव्हा निगेटिव्ह!

नवऱ्याचा पहिला प्रश्न, "हे आलं कुठून?" हा विषाणू वर्षानुवर्षं गप्प बसू शकतो, कुणाकडून कधी आला ते कळत नाही. डॉक्टरांसमोर त्यालाही बसवलं, मग घरात शांतता झाली.

बार्शीकर:
थोडं अवांतर. एचपीव्ही टेस्टचा जगभर दाखला दिला जातो तो अभ्यास आमच्याकडचा! तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायका त्यात होत्या. २००९ साली निष्कर्ष आले, एकदाच टेस्ट झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे.

केशरकाडी:
लॅबला फोन केला. बाटली आहे म्हणाले, डॉक्टरांची चिठ्ठी आणा. उद्या सकाळी जाते. सासूबाईंना स्लाइडवालीचं पहिलं वाक्य वाचून दाखवलं. "ही कोण?" म्हणाल्या.