मदत हवी आहे : मराठी चित्रपटातील ‘सोशिक सून’ आणि तिचा स्त्रीप्रेक्षक

मराठी चित्रपटाने ‘चांगल्या बाईची’ प्रतिमा कशी घडवली, यावर मी एक लेख लिहीत आहे आणि एका प्रश्नापाशी अडले आहे. १९३७ च्या ‘कुंकू’मध्ये शांता आपटे यांनी साकारलेली नीरा वयस्क विधुराशी फसवून लावलेले लग्न ठामपणे नाकारते, १९८२ च्या ‘उंबरठा’तील सुलभा महिलाश्रमाच्या कामासाठी घराबाहेर पडते. असे असताना १९९१ मध्ये ‘माहेरची साडी’तील सगळे निमूट सोसणाऱ्या सुनेला स्त्रियांनीच एवढे डोक्यावर का घेतले? प्रेक्षकांना रडायला आवडते, हे उत्तर मला फारच वरवरचे वाटते. स्वतःच्या घरात ज्याविषयी ब्र काढता येत नव्हता, ते दुःख निदान पडद्यावर चारचौघांत मान्य होत होते, म्हणून ही गर्दी झाली असावी, असा माझा अंदाज आहे. मात्र त्याला आधार हवा.

त्या काळी तंबूत किंवा चित्रपटगृहात हा चित्रपट पाहिलेल्या आई, आजी, मावशी यांच्या आठवणी कोणी कळवू शकेल का? ‘मिळून साऱ्याजणी’सारख्या मासिकांत तेव्हा यावर काही चर्चा झाली असल्यास अंकाचा महिना-वर्ष कळल्यास फार उपयोग होईल.