मदत हवी आहे: समुद्रावरून मेसेज पाठवणारं उपग्रह यंत्र कोणतं घ्यावं?

नमस्कार मंडळी. भाचा सिंगापूरहून मॉरिशसला शिडाची बोट नेणाऱ्यांसोबत जातोय. आम्ही अमळनेरचे, तापी-बोरी ओळखणारे. हिंदी महासागराचं आम्हाला काय कळणार! ताईचं एकच पालुपद, ‘पोऱ्या कोठे शे ते माले रोज दिसाले जोयजे.’

मी वाचलं त्यावरून इरिडियम या उपग्रहांच्या जाळ्यावर चालणारं यंत्रच बरं वाटतंय. त्याचे उपग्रह आपसात बोलतात, त्यामुळे भर समुद्रातही निरोप जातो. ग्लोबलस्टार या दुसऱ्या जाळ्याला मात्र त्याच उपग्रहाच्या टप्प्यात जमिनीवरचं केंद्र लागतं, म्हणून स्वस्त असलं तरी ते मी बाद केलंय. २०१८ मध्ये नौदलातले दर्यावर्दी अभिलाष टॉमी शिडाच्या बोटींच्या शर्यतीत जखमी होऊन दक्षिण हिंदी महासागरात अडकले, तेव्हा त्यांनी परिस्थिती कळवली ती उपग्रहावरून मेसेज करूनच. तेव्हा नुसता ठिकाण दाखवणारा ट्रॅकर नको, दोन्हीकडून लिहिता यायला हवं. ४०६ मेगाहर्ट्‌झचा आपत्कालीन बीकन (संकटात बचाव पथकाला इशारा देणारं यंत्र) बोटीवर आहेच.

आता खरी अडचण. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय अशी यंत्रं भारतात बाळगता येत नाहीत, आणि विमानतळावर लोक पकडलेही गेलेत. म्हणून ते सिंगापूरलाच घ्यायचं आणि परतताना मॉरिशसला बोटमालकाकडे ठेवायचं, असं डोक्यात आहे.

कुणी तिथून भाड्याने घेतलंय का? खिशातलं छोटं यंत्र खाऱ्या पाण्यात टिकतं, की बोटीवर पक्कं बसवलेलंच बरं? दर तासाला ठिकाण पाठवलं तर बॅटरी किती चालते? अनुभव असलेल्यांनीच सांगा. जाहिरातींच्या लिंका भरपूर पाहून झाल्यात.